चार बाइट्सचं पॅकेट

सिक्युरिटी ऑडिटच्या रिपोर्टमध्ये आमच्या मॉड्यूलबद्दल एकच ओळ होती: चार बाइट्सचं पॅकेट पाठवलं की डिव्हाइस रीस्टार्ट होतं. मी ते पॅकेट टेस्ट बोर्डवर सोडून पाहिलं. बोर्ड खरंच आडवा झाला.

आमचं डिव्हाइस म्हणजे वीज मीटरांची रीडिंग्ज गोळा करून सर्व्हरकडे पाठवणारा गेटवे. कोड सगळा सी भाषेतला, ३२ बिटी आर्म प्रोसेसरसाठी लिहिलेला, अनेक हातांखालून गेलेला. पॅकेटच्या सुरुवातीला एकूण लांबी येते, १६ बिटी अनसाइन्ड (म्हणजे उणे न होणारा आकडा). त्यातले ८ बाइट्स हेडरचे. फंक्शन लांबीतून ८ वजा करायचं, उत्तर इंटमध्ये (यात उणे आकडाही मावतो) ठेवायचं, ते ५१२ पेक्षा मोठं नाही ना एवढं बघायचं आणि मेमकॉपी करायचं, म्हणजे तेवढे बाइट्स मेमरीत कॉपी करायचं. आता लांबीच ४ आली तर? उत्तर उणे ४. उणे ४ काही ५१२ पेक्षा मोठे नाहीत, त्यामुळे तपासणी पास. पण मेमकॉपीला लांबी लागते साइझ-टी नावाच्या टाइपमध्ये (टाइप म्हणजे आकडा ठेवायचा साचा), आणि साइझ-टी अनसाइन्ड. त्या दारातून आत जाताना उणे ४ चे झाले ४,२९,४९,६७,२९२. चार अब्ज बाइट्स कॉपी करायला निघालेला बोर्ड दुसरं काय करणार!

मी आधी वादच घातला होता, की अनसाइन्डमधून वजा केल्यावर उणे उत्तर येईलच कसं? येतं. इंटपेक्षा लहान टाइप गणिताआधी इंट होतात. या इंटिजर प्रमोशनवर कॉलेजात मी टीप लिहिली होती, मार्कही मिळाले होते.

‘उणे असेल तर परत फिर’ अशी एक ओळ टाकून मी दहा मिनिटांत मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात ऑडिटवाल्यांनी तोच आजार आणखी तीन फंक्शनांत दाखवला.

मग कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरलाच विचारायचं ठरवलं. त्याच्या वॉर्निंग्ज चालू करणारे वॉल आणि एक्स्ट्रा हे दोन्ही फ्लॅग आमच्याकडे पहिल्यापासून होते, त्यामुळे आपण शहाणे आहोत असा समज होता. पण आमच्या जीसीसी कंपायलरमध्ये, टाइप बदलताना आकडा बिघडू शकतो हे सांगणारा डब्ल्यू-कन्व्हर्जन त्या दोन्हींत येत नाही, वेगळा लावावा लागतो. लावला, आणि हजाराच्या वर वॉर्निंग्ज आल्या. मी जिथे वॉर्निंग तिथे कास्ट (म्हणजे ‘हा टाइप मुद्दाम बदललाय’ असं कंपायलरला सांगणं) असा सपाटा लावला. संध्याकाळपर्यंत निम्म्या गेल्या. आमच्या लीडने रिव्ह्यू उघडला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाली, "अरे, तू कंपायलरचं तोंड दाबलंयस. उणे ४ अजून तसेच आत जातायत, आता फक्त तुझ्या सहीने." ते सगळे कास्ट मी परत काढले.

दुसऱ्या खेपेला वॉर्निंग्ज बाजूला ठेवल्या आणि एका लांबीचा माग काढला. पॅकेट येतं त्या सॉकेटपासून ते साठवलं जातं त्या फ्लॅशपर्यंत एकच आकडा सहा फंक्शनांतून जात होता आणि वाटेत त्याचे टाइप होते: १६ बिटी अनसाइन्ड, इंट, लाँग, पुन्हा इंट, ३२ बिटी अनसाइन्ड, साइझ-टी. प्रत्येकाने आपल्या सोयीने घेतलेला. ठरवलं ते असं: आत सगळीकडे लांबी म्हणजे साइझ-टीच. बाहेरचा आकडा आत येतो त्या एकाच फंक्शनात टाइप बदलायचा, आणि तिथे वजाबाकीच्या आधी बघायचं की लांबी ८ पेक्षा कमी तर नाही. वजाबाकीनंतर बघून उपयोग नाही, कारण साइझ-टीमध्ये उणे उत्तर दिसतच नाही, थेट प्रचंड आकडा दिसतो.

खरा त्रास दिला परतीच्या मूल्यांनी. आमची निम्मी फंक्शन्स यश आलं तर लांबी आणि चुकलं तर उणे १ परत देत. ते साइझ-टीमध्ये बसणार कसं? शेवटी स्थितीसाठी वेगळा एनम (ठरलेल्या नावांची यादी) आणि लांबी पॉइंटरमधून (कॉल करणाऱ्याने दिलेल्या पत्त्यावर) बाहेर, असं केलं. कॉल करणाऱ्या सगळ्या जागा बदलाव्या लागल्या. कंटाळवाणं काम होतं, त्यात तीन आठवडे गेले.

एवढं करून मीच एक नवा बग घातला. एका फंक्शनचा पॅरामीटर ३२ बिटीवरून साइझ-टी केला, त्याची घोषणा असलेली हेडर फाइलही बदलली. पण कुणीतरी जुन्या काळी दुसऱ्या फाइलमध्ये ती हेडर फाइल न घेता हाताने एक्स्टर्न (म्हणजे त्या फंक्शनची घोषणा) लिहून ठेवलं होतं, ३२ बिटीच. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो, आणि फाइली जोडणारा सीचा लिंकर फक्त नाव जुळवतो, टाइप नाही. ३२ बिटी बोर्डवर दोन्हींची रुंदी सारखी, म्हणून सगळं आलबेल. नव्या ६४ बिटी बोर्डवर मात्र रिलीज बिल्ड (ऑप्टिमायझेशन लावलेलं) कोसळायचं आणि डीबग बिल्ड सुरळीत चालायचं. दोन दिवस गेल्यावर असेंब्ली (कंपायलरने बनवलेल्या मशीनच्या सूचना) उघडली. कॉल करणाऱ्याकडे दोन आकडे जोडून केलेली ६४ बिटी ‘की’ होती: वरच्या अर्ध्यात सीक्वेन्स नंबर, खालच्या अर्ध्यात लांबी. त्याच्या मते पॅरामीटर ३२ बिटी, आणि त्या आर्मच्या नियमांनुसार तेव्हा रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या जागेच्या) वरच्या अर्ध्यात काहीही असलं तरी चालतं. म्हणून ऑप्टिमायझरने अख्खी की तशीच पुढे ढकलली, आणि माझ्या फंक्शनने अख्खी वाचली. त्यानंतर आम्ही मिसिंग-प्रोटोटाइप्सची (घोषणेशिवाय लिहिलेलं फंक्शन दाखवणारी) वॉर्निंग लावली, लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन सुरू केलं (त्यात सगळ्या फाइली एकत्र बघितल्या जातात, म्हणून अशी विसंगती जीसीसी स्वतःहून सांगतो) आणि सी फाइलमध्ये एक्स्टर्न दिसलं तर बिल्ड तोडायची एक ग्रेपची (मजकूर शोधणाऱ्या कमांडची) ओळ टाकली. सगळ्यात उपयोगी पडली ती ग्रेपचीच.

नवं फर्मवेअर गेलं तेव्हा प्रवेशाच्या फंक्शनात मी एक काउंटर ठेवला होता: आखूड म्हणून नाकारलेली पॅकेट्स. तो शून्यच राहील असं धरून चाललो होतो. महिन्याभराने लॉग आले, तर दोन साइट्सवर तो रोज दोन-चारने वाढत होता. कुठलासा जुना मीटर अधूनमधून अर्धवट पॅकेट सोडत होता. त्याच दोन साइट्सवरून आम्हाला वर्षानुवर्षं रीस्टार्टच्या तक्रारी यायच्या, आणि ‘तिकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे’ म्हणून आम्ही त्या बंद करत आलो होतो.