तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे डेव्हलपर असून मोठी कामं का अडतात?

"अरे पुण्यात दगड भिरकावला तर डेव्हलपरला लागतो, आणि तुमच्या त्या फुकट सॉफ्टवेअरमधलं एक काम होत नाही?" हे आमच्या छपाईच्या प्रेसवाल्या मामांचं वाक्य, पण विचारतात सगळेच, ऑफिसातले ज्युनिअर, मेहुणा, शेजारचे. मी दरवेळी "बघू" म्हणून हसतो. आज एकदाच लिहितो, पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवीन.

फुकट सॉफ्टवेअर म्हणजे ओपन सोर्स, ज्याचा कोड कुणीही बघू शकतो, सुधारून पाठवू शकतो. डेव्हलपर आहेत हो. आयकॉन, भाषांतर, बारकासा बग, याला माणसं मिळतात. २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणारी ऑक्टोबरातली मोहीम) तर टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी या माहितीच्या फायलीत एकेक शब्द घुसडून इतके पॅच पाठवले की ते तपासून घेणारी मेंटेनर मंडळी रडकुंडीला आली. अडतं ते पायाचं काम. फोटो एडिट करायच्या गिंपचंच बघा, खिडक्या-बटणं काढून देणारी जीटीके ही लायब्ररी जन्मलीच गिंपसाठी, तिची तिसरी आवृत्ती आली २०११ला, आणि गिंपची त्यावर चालणारी ३.० आली मार्च २०२५ला. ते लोक झोपले नव्हते, मोजकेच आहेत एवढंच. मामांच्या कामाचं, पानं मांडायचं स्क्रायबस घ्या, जोडाक्षरं नीट जुळायला २०१७ची १.५.३ यावी लागली, तेही ओमानमधल्या एका टीमनं मनावर घेतलं म्हणून, आणि ते स्टेबल आवृत्तीत यायला २०२४ उजाडलं.

आता माझं. मी ज्या प्रोजेक्टवर आहे (नाव नको, छोटं आहे) त्यात मजकुराच्या ओळी तोडणारा कोड नीट माहीत असलेला मी एकटा. लिहिणारा दुसरा होता, तो नोकरी बदलून गेला. २०१९ला शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं तोच भाग नव्यानं लिहून पाठवला. चार हजार ओळी. मी वरवर बघितलं, छान वाटलं, "पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू करतो" लिहिलं. मग ऑफिसचं रिलीज आलं, मग बाबांचं ऑपरेशन, मग लॉकडाऊन, आणि मग खरं कारण काहीच नव्हतं, नुसती ती टॅब उघडायची भीती. मध्ये मूळ कोड बदलला तसं तिनं दोनदा सगळं रीबेस केलं, म्हणजे नव्या कोडवर बसवून दिलं, न सांगता. चौदाव्या महिन्यात तिनं लिहिलं, "सर, काही चुकलंय का? सांगितलंत तर दुरुस्त करते." त्यालाही मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग तिनं स्वतःच तो पॅच मागे घेतला. एक शब्द वाकडा नाही.

नंतर लाजेनं वाचलं. दोन खऱ्या चुका होत्या, दोन संध्याकाळींचं काम.

बचाव करायचा तर करता येतो. चार हजार ओळी न वाचता घ्यायच्या का? एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय झालं आठवा, एकटा दमलेला मेंटेनर, दोनेक वर्षं गोडीनं मदत करणारा कुणीतरी, आणि २०२४ला त्यानं कोडमध्ये लपवलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरदार, सापडलं. पण तिचा पॅच २०१९चा, ही सबब मला मागाहून सापडलीये.

आणि २०१६ला एका कॉलेजात मीच माइक हातात घेऊन सांगत होतो, "ओपन सोर्सला हात हवेत, पहिला पॅच आजच पाठवा." अरे बाबा, हात नको होते, तो कोड डोक्यात बाळगणारी माणसं हवी होती. पण मग ती तयार कशी होतात? कुणीतरी त्यांचे चार हजार ओळींचे पॅच वाचतं, तेव्हाच ना. म्हणजे फिरून माझ्याच दारात.

"पैसे जमवा की" असंही म्हणतात. मी पूर्वी तावातावानं सांगायचो की पैसे दिले तरी माणूस कुठून आणणार, तो कोड कळायलाच वर्ष जातं. आता तेवढं छातीठोकपणे म्हणत नाही. मला कुणी महिन्याचे चार दिवस विकत घेतले असते तर तो पॅच वाचला गेला असता बहुतेक. बहुतेक.

ती आता कुठल्याशा कंपनीत चांगल्या पगारावर आहे, ओपन सोर्सकडे फिरकत नाही. मागच्या रविवारी तिची ब्रँच, म्हणजे तिच्या बदलांची प्रत, काढून आताच्या कोडमध्ये मर्ज करून बघितली. कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट, काही जुळेना. तिनं हात लावलेल्या निम्म्या फायली आता त्या नावानं नाहीतच, नावं मीच बदलली.