पाणी गरम का करत नाही? तुम्ही विचारलेत म्हणून

मी बुलफ्रॉग, म्हणजे खाण्यासाठी पाळले जाणारे मोठे बेडूक, वाढवते हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पाणी थोडे गरम ठेवले की टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, लवकर बेडूक होतात, संप्रेरक दिले की सगळ्या माद्या निघतात, आणि या जातीत मादीच अंगाने मोठी भरते. मग तुम्ही ते का करत नाही? आजवर ‘ते इतके सोपे नाही’ एवढेच म्हणून मी विषय टाळला. त्यामुळे मी काहीतरी लपवते आहे असा समज झाला, आणि तो मला लागला आहे.

तुम्ही वाचलेले खोटे नाही. जीवशास्त्रज्ञ एमिल विट्शी यांनी 1929 मध्ये वुड फ्रॉग या अमेरिकी बेडकाचे टॅडपोल 32 अंश सेल्सिअसला वाढवले, तेव्हा माद्यांच्या अंडाशयांची वृषणे होत गेली. 1956 मध्ये चँग आणि विट्शी यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या टॅडपोलना एस्ट्रॅडायॉल हे मादीचे संप्रेरक दिले आणि गुणसूत्रांनी नर असलेलेही मादी झाले. मात्र प्ल्युरोडेलीस या न्यूटच्या (बेडकांच्या नात्यातल्या शेपटीवाल्या प्राण्याच्या) दोन जातींपैकी वाल्टलमध्ये उष्णतेने मादीचा नर होतो आणि पोइरेटीमध्ये नराची मादी. एका जातीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही, तो त्यामुळेच.

मीही पाणी गरम केले होते. 24 अंशांवरचा एक हौद मी 30 वर नेला आणि पहिले काही आठवडे रोज त्याचे कौतुक केले. मग चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळ्यांना एकदम पुढचे पाय फुटले. त्या अवस्थेत तोंड नव्याने घडत असते, पिल्लू खात नाही, शेपटी जिरवून जगते, कल्ले जाऊन फुप्फुसांवर येते आणि त्याला पाण्याबाहेर टेकायला जागा लागते. मी ठेवलेल्या दोन उतरत्या फळ्या त्या गर्दीला पुरल्या नाहीत. सकाळी काठाला पांढरी पोटे वर करून तरंगणारी पिल्ले मी जाळीने काढत होते. जी वाचली ती माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी होती. मी तयार ठेवलेले किडे त्यांच्या तोंडात मावत नव्हते. एक पिल्लू, शेपटीचा खुंट अजून शिल्लक असलेले, किड्यावर पुन्हा पुन्हा झेप घेत होते आणि प्रत्येक वेळी किडा त्याच्या ओठांवरून निसटत होता. ते तिसऱ्या दिवशी मेले.

उष्णतेने रूप बदलण्याचा वेग वाढतो, पण अंग त्या वेगाने भरत नाही. रूपांतर थायरॉइडच्या संप्रेरकावर चालते. गुडरनाच या शास्त्रज्ञांनी 1912 मध्ये टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून इवलेसे बेडूक मिळवले होते. हे मला आधीच माहीत होते, हौद गरम करताना मात्र मी ते माझ्या कामाला लावून पाहिले नाही.

उरलेली पिल्ले मोठी झाल्यावर नर जास्त निघाले. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले की उष्णतेने माद्यांचे नर केले. आज त्या माझ्याशी माझे भांडण आहे. त्यांची गुणसूत्रे मी तपासली नव्हती आणि मेलेली पिल्ले न चिरताच पुरली होती. त्यांच्यात माद्याच जास्त असतील, तर कोणाचेही लिंग बदललेले नव्हते.

संप्रेरकाबद्दलही सांगते. खाण्यासाठी वाढवायच्या प्राण्याला एस्ट्रॅडायॉल मी देणार नाही, कारण हौदाचे पाणी शेवटी बाहेर ओढ्यात जाते आणि तिथेही टॅडपोल असतात. पण गुणसूत्रांनी मादी असलेल्या काही थोड्यांना नर बनवून त्यांचा साध्या माद्यांशी जोड लावला, तर दोन्हीकडून मादीचीच गुणसूत्रे येऊन संप्रेरक न खाल्लेल्या मुलीच जन्माला याव्यात, ही वाट मला अजून खुणावते, आणि तिला मी नाही म्हटलेले नाही.

या हंगामात तीन हौद आहेत. एक पुन्हा 30 अंशांवर आहे, फळ्या दुप्पट आहेत, आणि मेलेले प्रत्येक पिल्लू तारीख लिहून फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाते.