मोठीला एमवायमधे घेतलं!

आमच्या सासूबाई फोनवर फार जोरात बोलतात, ग्वाल्हेरला फोन असला की ग्वाल्हेरपर्यंत आवाज स्वतःच पोचवायचाय असं समजून. परवा धाकट्या बहिणीला फोन लावला आणि पहिलंच वाक्य, "अगं, आपल्या मोठीला एमवायमधे घेतलं!" पलीकडे एकदम शांत. मग रडवेला आवाज, "अगंबाई, काय झालं पोरीला?" त्यांचं माहेर इंदूरचंच, त्यामुळे एमवाय म्हणजे सरकारी दवाखाना, तिथे माणसाला स्ट्रेचरवरून नेतात एवढंच डोक्यात. मग मी फोन घेऊन सांगितलं की मावशी, पेशंट म्हणून नाही, डॉक्टर व्हायला. एमजीएम मेडिकल कॉलेज मिळालंय, एमवाय त्याचंच हॉस्पिटल. मावशी तरी दोनदा विचारत होत्या, नक्की बरी आहे ना.

मोठी म्हणजे माझी पुतणी. आणि त्याच पंधरवड्यात तिच्या भावाला, धाकट्याला, जीएस मिळालं, म्हणजे एसजीएसआयटीएस, आमच्याकडे पूर्ण नाव कोणी घेत नाही. हे १९५२ सालचं इंजिनियरिंगचं कॉलेज, सासरे सांगतात की त्यांच्या वेळी इथे नंबर लागला की रामबागेत पेढे वाटायचे. पेढे यंदाही वाटले, शिवाय पावसात भुट्ट्याचा कीस, जाऊबाईंनी एवढा केला की तीन दिवस तेच खाऊन राह्यलो आम्ही.

दोघांचं एकाच वर्षी कसं काय, तर मोठीने ड्रॉप घेतला होता, म्हणजे बारावीनंतर एक वर्ष थांबून परत परीक्षा. मेडिकलची प्रवेशपरीक्षा, ती नीट, पहिल्यांदा हातची गेली फिजिक्समुळे. पंचेचाळीस प्रश्न, १८० मार्क, बायो कितीही पक्कं असलं तरी तिथे पाय घसरला की गेलं. त्या वर्षी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने तिला "मग आता काय ठरवलंय?" विचारलं, मीही विचारलं असेल एकदा, कबूल करते. ती फक्त चहाचे कप उचलून आत जायची.

आणि तिला फिजिक्स शिकवलं कोणी, तर धाकट्याने. तो जेईईची, म्हणजे इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करत होता, वरच्या खोलीत एकच टेबल, एकच दिवा. आता विचार करा, दीड वर्षाने लहान भाऊ, ज्याचं नाक हिने पुसलंय, तो हिला सांगणार "ताई, हे चुकलं, परत कर." पहिला महिना भांडणं इतकी की खाली आम्हाला टीव्ही ऐकू येईना. नंतर ती ऐकायला लागली. मला त्या कॉलेजांपेक्षा हेच जास्त नवलाचं वाटतं, कारण माझ्या भावाने मला सायकल शिकवतो म्हटलं तर मी आठ दिवस बोलले नव्हते त्याच्याशी.

एकदा तो खाली आला आणि म्हणाला, "काकू, बांगडी द्या." काचेची दिली. पोळपाट एका बाजूने ताईच्या जाडजूड पुस्तकावर टेकवला, वरून बांगडी आणि घड्याळातला पेन्सिल सेल एकदम सोडले. सेल आधी खाली. परत केलं, परत सेलच. मला वाटलं जड आहे म्हणून, तर नाही म्हणे, वजनाचा संबंधच नाही. बांगडीचं सगळं वजन कडेला, ती फिरवण्यात जास्त जोर जातो, सेल आतून भरीव आहे म्हणून पुढे. चौथ्या वेळी बांगडी ओट्यावरून खाली पडून फुटली. मोठी तिथेच वहीत लिहून घेत होती आणि आमचे चिरंजीव, नववीतले, काचा वेचता वेचता बघत होते.

आता आमच्या चिरंजीवांबद्दल. एकुलता एक. रिझल्ट लागल्या लागल्या मी काय केलं, तर भंवरकुआंच्या दोन कोचिंगना फोन करून फी विचारली. आकडा ऐकून हे म्हणाले, "अगं, दहावी तरी होऊ दे." बरोबर आहे त्यांचं, पण रात्री झोप येत नाही ना. याला तर वरच्या खोलीत ताईही नाही आणि धाकटाही नाही, चुकलं असं याला कोण सांगणार, मी सांगितलं तर दार आपटतो. डॉक्टर व्हावा, इंजिनियर व्हावा, हे सगळं मनात आहेच, खोटं का बोलू. पण मला खरं तर तो कुणाशी तरी भांडत भांडत शिकायला हवाय.

काल दुपारी वरून गडगड आवाज आला म्हणून गेले, तर धाकटा आणि हा, दोघं पालथे पडून. जुन्या कपाटाची फळी तिरपी लावलेली, समोर पाण्याची भरलेली बाटली. हा म्हणत होता आतलं पाणी घट्ट असलं तर बाटली लवकर येईल, दादा म्हणत होता उशिरा येईल. अर्धा तास हेच. मी मधे बोलले नाही.

संध्याकाळी दूध ठेवायला फ्रीज उघडला, तर फ्रीजरमधे बाटली आडवी आणि दारावर कागद चिकटवलेला, याचं वाकडंतिकडं अक्षर: "आई, ही काढू नको. दादा हरणार आहे."