तुम्ही विचारलंत म्हणून: ढाबळीचा पाया मादीवर का?

गच्चीवर माझी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, पाहायला आलेला जवळजवळ प्रत्येक शौकीन हे विचारतो. "सगळे नामी नर शोधत फिरतात, आणि तुम्ही अख्खी ढाबळ एका मादीवर कशी उभी केलीत?"

नर शोधण्यामागे हिशेब आहे, तो मला मान्य आहे. मादी एका वेळी दोनच अंडी घालते, ती सतरा-अठरा दिवस उबवायची, मग पिल्लांना भरवायचं. नराला एकीमागून एक माद्या लावता येतात, म्हणून त्याची पिल्लं जास्त निघतात आणि भावही जास्त येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये बेल्जियमची न्यू किम ही शर्यतीची मादी लिलावात १६ लाख युरोला गेली. आधीचा विक्रम अर्मांडो नावाच्या नराचा होता, साडेबारा लाखांचा. मादीला एवढी किंमत मिळाली याचंच तेव्हा लोकांना जास्त नवल वाटलं.

माझ्याकडे शर्यतीची कबुतरं नाहीत, गिरेबाज आहेत, म्हणजे तासन्तास उंच उडत राहणारी. आमची तांबडी मादी सकाळी सोडली की ठिपका होऊन वर जायची आणि दुपार टळल्याशिवाय उतरायची नाही. पण उत्तम उडणारी मादी उत्तम पिल्लं देईलच असं नसतं. म्हणून मी तिला पहिल्या वर्षी एका निळ्या नराशी जोड लावला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याशी, तिसऱ्या वर्षी तिसऱ्याशी. तिन्ही नर वेगवेगळ्या घरचे, एकमेकांशी काही नातं नसलेले. तिन्ही वर्षांची पिल्लं वेळ काढणारी, म्हणजे बराच वेळ वर टिकणारी निघाली. बाप बदलत गेले तरी उडणं तेच राहिलं, तेव्हा कुठे मी तिला पाया म्हणायला लागलो.

आई धरून चालण्यात एक खात्रीही असते. ढाबळ मोकळी असली की अंड्याचा बाप छातीठोकपणे सांगता येत नाही, शेजारच्या खणातला, म्हणजे घरट्याच्या कप्प्यातला, नर संधी साधतोच. आईबद्दल सहसा शंका राहत नाही. तरीही जोड लावल्यावर दोन्ही अंडी येईपर्यंत मी खण बंद ठेवतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती मुलींच्या बाबतीत, आणि ती मीही केली. पक्ष्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी आपलं झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना झेड मिळतं ते बापाकडून. कबुतरांचा हा तांबडा रंग झेडवर असतो आणि निळ्यावर मात करतो. त्यामुळे तांबडी मादी आणि निळा नर यांचे पट्ठे, म्हणजे नर पिल्लं, सगळे तांबडे होतात, माद्या सगळ्या निळ्या. पहिल्या वर्षी मला वाटलं, मुली आईवर गेल्याच नाहीत. दोन निळ्या माद्या मी देऊन टाकल्या. पुढे त्या दुसऱ्याच्या छतावर आईसारख्या उडताना पाहिल्या आणि फार वाईट वाटलं. झेड सोडलं तर बाकीच्या गुणसूत्रांत आईचा अर्धा वाटा त्यांच्याकडेही होता, मी रंगापलीकडे पाहिलंच नव्हतं.

मग प्रश्न उरतो तो रक्त टिकवण्याचा. मुलगा परत आईला लावला तर पिल्लांत आईचा वाटा पाऊण होतो. मी तसं केलं, दोन जोड चांगले गेले. नंतर त्याच्याही पुढे जाऊन आणखी जवळचे जोड लावले, तेव्हा अंडी रिकामी निघू लागली आणि जी पिल्लं निघाली ती खणातच अशक्त राहिली. तिथे थांबलो. आता मी वेगवेगळ्या बापांची, पण तांबडीच्याच पोटची भावंडं एकमेकांना लावतो. आईचा वाटा अर्धा राहतो, आणि जवळीक आई-मुलाच्या जोडाच्या निम्मी होते.

पिल्लं वाढवण्यासाठी मादी पिळू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. तिची अंडी दाई जोडीखाली, म्हणजे ती उबवून पिल्लं वाढवणाऱ्या दुसऱ्या जोडीखाली, सरकवली की ती लवकर पुन्हा घालते, हे खरं. पण प्रत्येक अंड्याच्या कवचाचा काही चुना तिच्या हाडांतून येतो. मी वर्षाला दोनदाच तिची अंडी सरकवली. शिंपल्यांचा चुरा ढाबळीत कायम असायचा. थंडीत नर-मादी वेगळे ठेवून तिला पूर्ण विसावा द्यायचो. एक नामी मादी घाईनं गमावलेले शौकीन मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे नंतर फक्त तिच्या उडण्याच्या आठवणी उरल्या.

तांबडी आता अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांत अंडं नाही. खालच्या खणात बसते, बाजरी टाकली की सगळ्यात आधी उतरते. पहिल्या नरापासूनचा तिचा मुलगा आणि तिसऱ्या नरापासूनची निळी मुलगी यांचा जोड गेल्या महिन्यात लावला. पाचव्या दिवशी अंडी टॉर्चसमोर धरून पाहिली. दोन्हींत लाल शिरा दिसल्या.