मेंढीच्या शेपटीचं ऑपरेशन : माझा अनुभव

माडग्याळ जातीच्या मेंढीला शेपटी असते ती नावापुरती, वीतभरसुद्धा नाही. भाव होतो तो पोपटासारख्या नाकाचा, उंच पायांचा आणि अंगावरच्या तांबूस ठिपक्यांचा. नराची गोष्ट वेगळी. बकरी ईदसाठी घेणारा व्यापारी दात बघतो, कान बघतो आणि शेपटीलाही हात घालतो, कारण शेपटी बरीचशी तुटलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही. आमच्याकडे कुत्र्यानं धरली ती मेंढी होती, तीही गाभण. त्यामुळे घरात पहिला सूर निघाला तो "शेपटीच आहे, जाऊ दे" असाच.

रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीला पाठ लावून बसलेलं जनावर बाहेरच्या कुत्र्याला आयतं सापडतं आणि तोंडात पहिली येते ती शेपटी. सकाळी रक्त फारसं नव्हतंच. लोकर बाजूला केली तेव्हा वरखाली दातांची भोकं दिसली. मधला भाग चिमटीत धरला की आत कुरकुरत होतं. हाड चेंगरलं होतं.

मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उपाय ठरलेला. हळद, गोडेतेल आणि वरून चिंधी करकचून बांधायची. त्यांच्यापुढे वाद न घालता मी बाजूला जाऊन १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पुढे आमच्या डॉक्टर मॅडमशी बोलणं झालं, तर त्यांनी शेपटीचं काही विचारलंच नाही. "कुत्रं कुणाचं? आता कुठंय?" कुत्रं भटकं होतं, परत दिसलं नव्हतं. मग हुकूम सुटला : हातमोजे घाला, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, पट्टी बांधू नका, हळद नको. मोरीतल्या नळाखाली मेंढी धरून पंधरा मिनिटं म्हणजे किती, ते धरणाऱ्यालाच कळतं.

जनावराला कुत्रं चावलं की रेबीजच्या सुया लागतात, हे आमच्याकडे गाई-म्हशीच्या बाबतीत लोक मानतात. मेंढीला कोण देतंय! पण पहिली सुई तो शून्य दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा, असा कोर्स मेंढीलाही तोच. लस मेडिकलमधून आणायची तर थर्मासात बर्फ घालून. तापली की वाया. धनुर्वाताची सुई वेगळी.

टाके मात्र मॅडमनी घातले नाहीत. मला वाटलं होतं, लगेच कापतील किंवा शिवतील. त्या म्हणाल्या, "कुत्र्याची लाळ आत असताना शिवलं तर सुई जाईल तिथं विषाणू आत ढकलला जातो. आणि शेपटी कुठपर्यंत जगते ते आधी दिसू दे. आज कापली तर अंदाजानं कापावी लागेल."

म्हणून वाट बघणं आलं. रोज सकाळी शेपटीला हात लावून ऊब कुठपर्यंत लागते ते बघायचं. टोक गार पडत गेलं, तिथली लोकर झुबक्यानं हातात यायला लागली, कातडी काळी आणि चिवट झाली. वरच्या बाजूला जिवंत कातडी गुलाबी, आणि दोन्हींच्या मध्ये आखल्यासारखी रेघ. मॅडमना हीच रेघ हवी होती.

त्यातच भुरभुर पाऊस लागला आणि जखमेत आसडी, म्हणजे माशीच्या अळ्या, पडली. मेंढी खाली बसेना, सारखी मागे वळून बघायची, पाय आपटायची. मामांनी सीताफळाचा पाला वाटून आणला. मॅडम त्यांना म्हणाल्या, "पाल्याला माझी ना नाही, पण मेलेल्या अळ्या आत राहिल्या तर आतच सडतात." त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा ठेवला, अळ्या वर आल्यावर चिमट्यानं एकेक वेचली आणि पोकळी धुऊन काढली. मामा चष्मा लावून बघत होते. फिनेल ओतायची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढली नाही.

आमच्या यांनी मोबाइलवर ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून ठेवलेले. तिथं कोकरांच्या शेपटीला घट्ट रबरी कडं चढवतात आणि शेपटी आपोआप गळून पडते. आपणही तसंच करू, पैसे वाचतील! पण तिकडच्या मेरिनो जातीच्या मेंढीची शेपटी लांब, लोकरीनं भरलेली. तिला लेंड्या चिकटतात, माशी बसते, म्हणून ती कोकरू लहान असतानाच काढतात. मोठ्या मेंढीला कडं घातलं तर मांस दिवसेंदिवस सडत राहणार, म्हणजे धनुर्वाताला आमंत्रणच. मॅडमनी हे एका दमात सांगितलं आणि विषय मिटला.

ऑपरेशन चौदाव्या दिवसाच्या सुईबरोबरच ठरलं. मामांनी डोकं धरलं, मी मागची बाजू, म्हणून मला सगळं दिसलं. आधी बुडाजवळची लोकर भादरली, आयोडीन लावून पुसलं. मग मॅडमनी शेपटी हातपंपाच्या दांड्यासारखी वरखाली केली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं दोन मणक्यांमधली फट चाचपली. सुई त्या फटीत रोवली आणि तिच्या उघड्या तोंडावर औषधाचा एक थेंब ठेवला. थेंब गप्पकन आत ओढला गेला. "बरोबर जागी आहे," त्या म्हणाल्या आणि लिग्नोकेन हे भुलीचं औषध सोडलं, तेही बेतानं. मेंढीला हे औषध जास्त झालेलं सोसत नाही. थोड्या वेळानं शेपटी लुळी पडली. चिमटा काढला तरी मेंढीनं कान हलवला नाही.

कुठून कापायचं, यावर मात्र तिथंच वाद झाला. मामा म्हणत होते, "बुडापासनं काढा बाई, परत कटकट नको." मॅडम ऐकेनात. शेपटीच्या बुडाचे स्नायू गुदद्वाराच्या आजूबाजूला गुंतलेले असतात. फार आखूड कापली तर पुढे आतडं बाहेर यायची भीती. शिवाय मेंढीचं मायांग झाकलं जाईल इतकी तरी शेपटी ठेवायलाच हवी. रेघेच्या वर निरोगी भागात एक सांधा, बस्स. तेवढीच जाईल.

कातडी आधी बुडाकडे सरकवून घेतली, म्हणजे शिवायला पुरती उरते. वर रबरी नळी आवळली. मग वरून आणि खालून व्हीच्या आकारात छेद, की दोन ओठ तयार होतात. हाड कापलंच नाही. सांधा शोधून पातं त्यात फिरवलं आणि मेलेला तुकडा ट्रेमध्ये पडला. मोठी रक्तवाहिनी शेपटीच्या खालच्या अंगाला असते, ती दोऱ्यानं बांधली. नळी सैल करून रक्त येतंय का ते बघितलं, पुन्हा एका ठिकाणी गाठ मारली आणि दोन्ही ओठ जुळवून टाके घातले. हे सगळं झालं तेव्हा ओपीडीतली पुढची शेळी अजून बाहेरच बांधलेली होती. इतकं लवकर.

खरी मेहनत नंतरची. वेदनेची आणि अँटिबायोटिकची सुई ठरल्या वेळी, रोज जखमेच्या कडेनं माशी न बसणारा मलम, कळपापासून वेगळी कोरडी जागा. खाली घोंगडं घातलं तर ते भिजून कुबट होतं, त्यापेक्षा कोरडा पाचोळा बरा आणि तो रोज बदलायचा. औषधं चालू असताना दूध नाही, आणि विकायचं जनावर असेल तर औषधाचा अंश अंगातून जाईपर्यंत कापायला द्यायचं नाही. किती दिवस ते औषधागणिक वेगळं. चिठ्ठीवर लिहूनच घ्यावं.

अठ्ठाविसाव्या दिवशी रेबीजची शेवटची सुई आणि टाके काढणं एकदमच उरकलं. चार बोटं शेपटी राहिली आहे, ती हलवते, पण माश्या हाकलायला पुरत नाही. म्हणून पाऊस संपेपर्यंत मागच्या मांड्यांची लोकर बारीक ठेवायची आणि दिवसाआड शेपटी उचलून खाली बघायचं. ते काम आता मामांकडे आहे.