सलाईनचा माल आला की स्कॅनर बंद

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका औषध वितरकाच्या गोडाऊनमधल्या वाय-फायचं काम झालं, पण विषय डोक्यातून जात नाही. तक्रार नेहमीचीच होती: मागच्या रांगांमध्ये वाय-फायची रेंज येत नाही, ऑर्डर काढणाऱ्या पोरांच्या हातातले स्कॅनर मध्येच अडकतात. आधीच्या माणसाने यावर ‘हाय पॉवर’चे सहा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारे डबे, लावून दिले होते. स्कॅनरवर सिग्नलच्या पूर्ण दांड्या दिसत होत्या आणि बारकोड मात्र जात नव्हता.

पूर्ण दांड्यांचा अर्थ एवढाच, की स्कॅनरला अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येतो. स्कॅनरचं बोलणं तिकडे पोहोचतं का, हे दांड्या सांगत नाहीत. हे अ‍ॅक्सेस पॉइंट अर्ध्या वॉटने ओरडत होते आणि स्कॅनरची ताकद सुमारे तीस मिलीवॉट, म्हणजे सोळापट फरक. वर स्कॅनरला लांबचा आवाज खणखणीत येत असल्यामुळे तो जवळच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर उडी मारतच नाही, जुन्यालाच चिकटून राहतो. नुसती पॉवर वाढवून रेंज विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. एका बाजूचाच आवाज वाढवला तर संभाषण वाढत नाही, हे त्यांना माहीत असतं.

मग मी मोजणी मुद्दाम सकाळी, शटर उघडल्याबरोबर केली. एकही स्कॅनर चालू नव्हता, तरी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडमधल्या ६ नंबर चॅनलचा, म्हणजे सगळ्यांनी आळीपाळीने बोलायच्या एका पट्टीचा, साठ टक्क्यांहून जास्त वेळ भरलेला. पोरं कामावर यायच्या आधीच हवा संपली होती!

हिशोब मांडला. प्रत्येक नेटवर्क सेकंदाला सुमारे दहा वेळा बीकन पाठवतं, ‘मी इथे आहे’ अशी हाक. ती सगळ्यात कमी वेगाने जाते, आणि इथे तो वेग १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) ठेवलेला होता. हा १९९७च्या पहिल्या मानकातला वेग, आजही कित्येक डब्यांवर चालूच असतो. तीनशे बाइटची हाक या वेगाने जायला अडीच मिलीसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे नेटवर्कच्या एका नावामागे चॅनलचा अडीच टक्के वेळ. इथे स्टाफ, ऑफिस, गेस्ट, कॅमेरा अशी चार नावं आणि तीन अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच चॅनलवर. बारा हाका, तीस टक्के वेळ, काम शून्य. उरलेला वेळ शेजारच्या गाळ्यांचे राउटर आणि वाय-फायवर चोवीस तास चित्र ओतणारे कॅमेरे खात होते. जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल द्यावी, हे मी प्रत्येक साइटवर सांगते आणि प्रत्येक साइटवर कॅमेरे वाय-फायवरच सापडतात.

वाय-फायमध्ये बोलण्याआधी ऐकावं लागतं. चॅनल मोकळा नसेल तर थांबायचं. त्यात लांबचा, अशक्त स्कॅनर हळू वेगाने बोलू लागला की सगळेच थांबतात. १५०० बाइटची फ्रेम, म्हणजे माहितीचं एक पुडकं, १ एमबीपीएसने जायला १२ मिलीसेकंद, ५४ एमबीपीएसने पाव मिलीसेकंद. रेंज वाढवणं आणि स्पेक्ट्रम, म्हणजे हवेतली ही सामायिक जागा, वाचवणं ही दोन कामं वेगळी धरली, की दोन्ही बिघडतात.

मागच्या रांगेचं कोडं एका पोराने उलगडलं. “मॅडम, सलाईनचा माल आला की स्कॅनर मरतो. माल गेला की चालतो.” अगदी बरोबर. लोखंडी रॅक, त्यावर छतापर्यंत पाण्याने भरलेल्या बाटल्यांचे खोके. पाणी या लहरी शोषून घेतं. रॅक रिकामे असताना केलेला सर्व्हे इथे काय कामाचा? हे तो मॅनेजरना कधीपासून सांगत होता. त्यांनी ते मनावर घेतलं असतं, तर ‘हाय पॉवर’चा खर्च वाचला असता.

दोन अ‍ॅक्सेस पॉइंट ऑफिसच्या भिंतीवरून काढून रांगांच्या तोंडाशी आणले, रांगेत आत बघणारे पॅच अँटेना लावले. पॉवर स्कॅनरच्या बरोबरीला आणली. नावं चाराची दोन केली. एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६, ११ आणि प्रत्येकाची रुंदी फक्त २० मेगाहर्ट्झ. सर्वात कमी वेग १२ एमबीपीएस केला, त्यामुळे हाकेचा वेळ दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला. त्याखालचेच वेग समजणारा एक म्हातारा लेबल प्रिंटर होता, त्याला आणि कॅमेऱ्यांना केबल टाकली. लॅपटॉप, मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर. तिथे २०१८पासून भारतात भरपूर जागा खुली आहे. शेठना कुणीतरी वाय-फाय ६ या अलीकडच्या पिढीचं कोटेशन दिलं होतं. त्यात २० मेगाहर्ट्झचा चॅनल एकाच वेळी नऊ उपकरणांत वाटता येतो, तंत्र उत्तमच आहे. पण वाटून घेणं त्या उपकरणालाही यावं लागतं, आणि हे जुने स्कॅनर त्यातले नव्हते.

संध्याकाळी सलाईनच्या भरलेल्या रांगेत पोरं न थांबता स्कॅन करत होती. तरी शेठ आपला मोबाइल दाखवत म्हणाले, “मॅडम, रेंज कमी झाली की हो!” त्यांच्या केबिनमध्ये आता एक दांडी कमी दिसत होती. बराच वेळ समजावलं. पटलं असं वाटत नाही.

राहिला वरचा गाळा. त्यांचा राउटर २.४मध्ये ४० मेगाहर्ट्झ अडवून बसला होता, म्हणजे आमच्या दोन चॅनलवर पाय. तिथले काका म्हणाले, “माझं नेट व्यवस्थित चालतंय, मी का हात लावू?” कायद्याने त्यांचं काही चुकत नाही, या बँडला परवाना लागत नाही, मालक कुणीच नाही. त्यांच्याच लॅपटॉपवर चॅनल किती भरलाय ते दाखवलं, तेव्हा त्यांनी राउटर २० मेगाहर्ट्झवर आणू दिला. पण इमारतीत बाकीचे गाळे आहेतच. लिफ्ट, पाणी, टेम्पो लावायची जागा, सगळ्याचे नियम असोसिएशनने केलेत. कुठल्या गाळ्याने कुठला चॅनल वापरावा, याचा मजल्यावार तक्ता मी करून ठेवलाय. सेक्रेटरी साहेबांनी पुढच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं देतो म्हटलंय.