साथीतली आशेची बातमी मी कशी तपासत असे

कोविडच्या दिवसांत चांगली बातमी हवीहवीशी वाटायची. म्हणूनच ती वाईट बातमीपेक्षा जास्त कसून तपासावी लागे. एकदा खोट्या आशेवर विसंबून तोंडघशी पडले, की पुढच्या खऱ्या बातमीवरही विश्वास बसत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये मी यासाठी वहीत पाच रकाने आखले होते: तारीख, नवे रुग्ण, चाचण्या, रुग्णालयात नव्याने दाखल झालेले आणि मृत्यू.

एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवायचे नाही, हा पहिला नियम. सुट्टीच्या दिवशी चाचण्या कमी होतात, अहवाल तुंबतात. त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला रुग्ण घटल्यासारखे दिसतात आणि दोन दिवसांनी एकदम उसळी दिसते. मागच्या सात दिवसांची बेरीज करून सातने भागले की हा चढउतार निघून जातो.

त्यानंतर मी वाढीचा वेग काढत असे, आणि खरी आशा सर्वांत आधी तिथेच दिसते. समजा रोजची सरासरी एका आठवड्यात १,००० वरून १,५०० झाली, पुढच्या आठवड्यात १,९५० आणि त्यापुढच्या आठवड्यात २,१४५. प्रत्येक आठवड्याला आकडा नवा उच्चांक गाठतो, मथळेही तेच सांगतात. पण वाढ आधी ५० टक्के होती, मग ३० झाली, मग १०. पहिल्या वेगाने रुग्ण सुमारे १२ दिवसांत दुप्पट झाले असते, दुसऱ्याने साधारण साडेअठरा दिवसांत आणि तिसऱ्याने जवळपास ५१ दिवसांत. म्हणजे आकडा वर जात असतानाच लाटेचा जोर ओसरू लागलेला असतो. तोंडी हिशोबासाठी ७० ला रोजच्या टक्केवारीने भागायचे: रोज ७ टक्के वाढ म्हणजे १० दिवसांत दुप्पट.

आर या आकड्याचेही तसेच आहे. १.१ आणि ०.९ यांत फारसे अंतर वाटत नाही. पण एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो, हे तो आकडा सांगतो. संसर्गाची एक फेरी साधारण पाच दिवसांची धरली, तर महिन्यात सहा फेऱ्या होतात. १,००० रुग्णांपासून सुरुवात केली तर १.१ ने सहाव्या फेरीत सुमारे १,७७० नवे रुग्ण होतात, ०.९ ने फक्त ५३०.

रुग्ण घटले म्हणून आनंद मानण्याआधी चाचण्यांचा रकाना बघायलाच हवा. १०,००० चाचण्यांत १,२०० बाधित म्हणजे १२ टक्के. पुढच्या आठवड्यात ६,००० चाचण्यांत ७८० बाधित निघाले, तर रुग्ण कमी दिसतात, पण प्रमाण १३ टक्के झालेले असते. साथ घटलेली नाही, शोध घटला आहे. साथ आटोक्यात असल्याच्या निकषांपैकी एक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये हे प्रमाण दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असावे असे सुचवले होते. मीही तीच रेघ धरली होती. सांडपाण्यातील विषाणूची मोजणी उपलब्ध असेल तर फार उपयोगी, कारण किती लोक चाचणीला गेले यावर ती अवलंबून नसते.

मृत्यूचा आकडा सर्वांत शेवटी वळतो. लागण, मग लक्षणे, मग दाखल होणे, मग अतिदक्षता विभाग, या प्रवासात तीन-चार आठवडे सहज जातात. शिवाय जुने मृत्यू उशिरा नोंदवले जातात. म्हणून माझा क्रम ठरलेला होता: आधी बाधितांचे प्रमाण, मग रुग्ण, मग नव्याने दाखल होणारे. हे तिन्ही एकामागून एक उतरले की मृत्यू अजून वाढत असले तरी मी वहीत 'उतार' असे लिहीत असे. 'बरे होण्याचे प्रमाण वाढले' ही बातमी मात्र मी सोडून देत असे. बरे झालेल्यांची एकूण बेरीज वाढतच जाते, त्यामुळे लाट वाढायची थांबली की हे प्रमाण आपोआप वर सरकते. उपचार सुधारले की नाही, हे त्यातून कळत नाही.

औषधांच्या बातम्यांची चाळण वेगळी. प्रयोग पेशींवर की माणसांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का? कोणाला कोणते औषध, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते का? मोजले काय, मृत्यू की केवळ अहवाल निगेटिव्ह येणे? आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाची सुरुवातीची गाजलेली बातमी पहिल्याच प्रश्नाला अडखळली: काचपात्रात वापरलेली मात्रा नेहमीच्या डोसने रक्तात पोहोचणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त होती.

उलट १६ जून २०२० ची डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाची बातमी चाळणीतून पार झाली. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस हे औषध दिले. ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले. स्वस्त, जुने, सर्वत्र मिळणारे औषध आणि एवढा फरक! पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. बातमीचा हा अर्धा भाग बहुतेक वेळा गळून पडायचा, आणि घरी सौम्य आजार असलेल्याने ते स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे होते.

फायझर-बायोएनटेकच्या लशीचे आकडे नोव्हेंबर २०२० मध्ये आले. ९ तारखेला ९४ रुग्णांवरून ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारकता जाहीर झाली; थोड्याच दिवसांत अंतिम मोजणी आली, १७० रुग्ण, त्यांपैकी १६२ प्लासिबो (लस नसलेली नुसती सुई) घेतलेले आणि ८ लस घेतलेले. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते, त्यामुळे ८ ला १६२ ने भागून येणारे सुमारे ५ टक्के शंभरातून वजा केले की ९५ टक्के कसे आले हे कुणालाही पडताळता येत होते. संरक्षण किती महिने टिकेल आणि लस घेतलेल्याकडून संसर्ग पसरणे किती थांबेल, हे त्या चाचणीने तेव्हा सांगितलेले नव्हते. वहीत मी ते दोन प्रश्न त्याच बातमीखाली लिहिले आणि पुढे तीन महिन्यांनंतरची तारीख टाकली: पुन्हा बघणे.